कॅमेलियाचे झाड आणि विहिरीचे पाणी

शेतकऱ्यास फुलझाडांची हौस नसते, असा एक समज शहरवासी मंडळींत रूढ आहे. तो खरा नाही हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तुळशीवृंदावनाभोवती झेंडू, मोरीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ, पडवीच्या खांबावर चढविलेली जाई आणि कुंपणास जास्वंद व कण्हेर, ही आपल्या खेड्यांतील घरांची नेहमीची शोभा होय. ह्या जुन्या मंडळीत अधूनमधून एखाद्या परक्या पाहुण्याची भर पडते. थंड हवेच्या ठिकाणाहून परतणारा कोणी आप्त, अथवा शहरातील रोपवाटिकेत सहज डोकावलेला घरधनी, कळ्यांनी लगडलेले कॅमेलियाचे रोप हौसेने उचलून आणतो. मेणात घडविल्यासारख्या पाकळ्यांचे भरगच्च फूल आणि काळसर हिरवे, तकतकीत पान पाहून कोणाचेही मन लोभावेल, यात नवल नाही. परंतु पुढे काय होते? पहिल्या हिवाळ्यात कळ्या न उमलताच गळतात. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडतात. तिसऱ्या वर्षी कुंडीत वाळलेली काठी तेवढी उरते. दोष मग विकणाऱ्यास, हवेस, नाहीतर कोणाच्या तरी दृष्टीस दिला जातो. आमच्या मते देशावर हा दोष बहुतेक वेळा आपल्या अंगणातील मातीचा व विहिरीतील पाण्याचा असतो. आणि जो शेतकरी ही गोष्ट एका कुंडीत नीट समजून घेईल, त्याच्या बागेस व शेतासही तिचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही. हेच मत येथे विस्ताराने मांडावयाचे आहे.

प्रथम ह्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. कॅमेलिया हे नाव परके वाटले, तरी त्याचे घराणे आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसले आहे. आपण सकाळ-संध्याकाळ जो चहा घेतो, तो ज्या झाडाच्या पानांचा होतो त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस असे आहे. शोभेचा कॅमेलिया हा त्याचाच सख्खा भाऊबंद. त्यातील मुख्य जात जॅपोनिका. तिचे मूळ ठिकाण जपान, कोरिया, तैवान व पूर्व चीन. जपानी लोक हिला त्सुबाकी म्हणतात. सासांक्वा नावाची दुसरी जात शरद ऋतूत लवकर फुलते आणि ऊन थोडे अधिक सोसते. कॅमेलिया हे नाव गेऑर्ग जोसेफ कामेल ह्या मोराव्हियातील धर्मोपदेशकावरून पडले. इ. स. १६६१ ते १७०६ हा त्याचा जीवनकाल. फिलिपाइन्समध्ये राहून त्याने तेथील वनस्पतींचा अभ्यास केला, आणि पुढे लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याच्या स्मरणार्थ हे नाव दिले.

आपल्याकडे कॅमेलिया म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्यापुढील डौल, अशी समजूत आहे. त्याच्या मायदेशी मात्र ते शेतकऱ्याच्याही उपयोगाचे झाड आहे. चीनच्या हूनान व जियांग्शी प्रांतांत कॅमेलिया ओलिफेरा ह्या जातीच्या बियांचे तेल काढून ते खाण्यात वापरतात. जपानच्या इझू-ओशिमा व गोतो बेटांवर त्सुबाकीच्या बियांचे तेल निघते. ते केसांस लावण्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. सारांश, ज्यास आपण नाजूक म्हणतो ते झाड तिकडे डोंगरउतारावर वाढते आणि माणसाच्या पोटापाण्यास हातभार लावते.

ते मुळात नाजूक नाही याचा एक ऐतिहासिक दाखलाही आहे. जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळ पिलनिट्झ येथील राजोद्यानात एक कॅमेलिया इ. स. १८०१ मध्ये जमिनीत लावला गेला. तो आजही दरसाल फुलतो. तेथील थंडी कडक असल्याने हिवाळ्यात त्याच्याभोवती आडोसा करावा लागतो. जानेवारी १९०५ मध्ये तो लाकडी आडोसा आगीत जळाला. विझविण्यासाठी मारलेले पाणी झाडावर गोठले, आणि त्या बर्फाच्या कवचाखाली झाडाचा जीव वाचला. इ. स. १९९२ पासून त्यास रुळांवरून सरकणारे काचघर आहे. आगीतून व बर्फातून वाचलेले झाड आपल्या अंगणात तीन वर्षेही का तग धरीत नाही, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्यासारखा आहे. आमचे उत्तर असे की, कॅमेलिया नाजूक नसून हट्टी आहे. त्याच्या गरजा थोड्या आहेत. पण त्यांत तो तडजोड करीत नाही.

ह्या गरजा कोणत्या, हे त्याच्या मायदेशावरून कळते. तेथे तो मोठ्या वृक्षांच्या छायेत, पालापाचोळा कुजून झालेल्या भुसभुशीत मातीत वाढतो. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो, पण उतारामुळे पाणी मुळाशी साचत नाही. माती आम्लधर्मी असते. ह्यांपैकी सावली, ओलावा व निचरा ह्या गोष्टी आपल्या ध्यानात सहज येतात. चौथी गोष्ट, म्हणजे मातीचा आम्लपणा, डोळ्यांस दिसत नाही. आणि आपला घात होतो तो तेथेच.

मातीची आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू. सात हा मध्यबिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. कॅमेलियास साधारण ५.५ ते ६.५ सामू मानवतो. आपल्या देशावरील काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. हा फरक आकड्यांत लहान दिसतो, पण सामूची प्रत्येक पायरी दसपटीची असते. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट अंतर. अशा चुनखडीयुक्त जमिनीत लोह विपुल असूनही ते मुळांस उचलता येत नाही. कोठार भरलेले आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी झाडाची स्थिती होते. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग केवड्यासारखा पिवळा पडतो. उसावर व भुईमुगावर ज्यास आपण केवडा पडला असे म्हणतो, तोच हा रोग.

आता आपल्या प्रांताकडे दृष्टी टाकली, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कॅमेलियाच्या कळ्या उबदार व मोठ्या दिवसांत धरतात, पण त्या नीट उमलण्यास पुढे थंडी लागते. कोकणात जांभ्या दगडाची आम्ल माती घरोघर आहे. परंतु समुद्राकाठच्या उबदार हिवाळ्यात कळीस हवी तशी थंडी मिळत नाही. देशावर व विदर्भात पौष-माघातील रात्री पुरेशा गार असतात. परंतु तेथे माती चुन्याची, आणि वैशाखातील ऊन पाने करपविणारे. म्हणजे जेथे माती आहे तेथे थंडी नाही, आणि जेथे थंडी आहे तेथे माती नाही. दोन्ही एकत्र सापडण्याचा संभव महाबळेश्वरासारख्या घाटमाथ्यावरील उंच, जांभ्या जमिनीच्या प्रदेशातच अधिक. तेथील वाचकांनी हे झाड खुशाल जमिनीत लावून पाहावे. इतरांनी ते जमिनीत लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही केवळ पुस्तकी आधारावर देत नाही. आमचे गाव देशावर, काळ्या जमिनीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रोपवाटिकेतून दोन रोपे आणली. विकणाऱ्याने "रोज पाणी घाला म्हणजे झाले" एवढाच उपदेश केला होता. पहिले रोप आम्ही अंगणात तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा काढून, त्यात मुद्दाम आणविलेली तांबडी माती भरून लावले. श्रावणात सतत पाऊस लागला तेव्हा सभोवारच्या काळ्या मातीतून पाण्यास वाट न मिळाल्याने त्या खड्ड्याचे टाके झाले आणि रोप मुळाशी कुजून गेले. दुसरे रोप कुंडीत होते. त्याची माती चांगली, जागा सावलीची, निगा रोजची. तरीही दुसऱ्या वर्षी त्यावर केवडा पडला. आम्ही शेणखत घातले, मग युरिया घातला, एकदा चुलीतील राखही घातली. प्रत्येक उपायानंतर रोप अधिकच पिवळे झाले.

कोडे उलगडले ते आमच्या वहिनींमुळे. घरची डाळ शिजविण्यासाठी त्या पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवतात; कारण आमच्या विहिरीचे पाणी जड, त्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणास फेस येत नाही. आम्ही कुंडीस विहिरीचे पाणी घालीत असता त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, ज्या पाण्यात आपली डाळ शिजत नाही, ते ह्या परक्या झाडाला कसे मानवेल?" आम्ही निरुत्तर झालो. बाराही महिने शेतीच्या गप्पा मारणाऱ्या आम्हांस जे सुचले नाही, ते चुलीपाशी बसणाऱ्या बाईस सहज दिसले होते.

यानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो वाचकांनीही करून पाहावा. समजा, एक लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम चुन्याइतका विम्लपणा आहे. कुंडीस आठवड्यातून चार लिटर पाणी घातले, तर वर्षात सुमारे २०० लिटर होतात. म्हणजे एका वर्षात आपण स्वहस्ते त्या कुंडीत सुमारे ६० ग्रॅम चुना ओततो. पाणी उडून जाते, चुना मागे राहतो. माती कितीही निवडून आणलेली असो, तिला आपणच हळूहळू चुनखडीची करून ठेवतो. उलट पक्षी, शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला, तर गळती-सांडी वजा जाता सुमारे २०० लिटर पाणी मिळते. म्हणजे एका चांगल्या सरीत एक पिंप भरते, आणि कोरड्या महिन्यांत एका कुंडीचा बराचसा भार ते एक पिंप उचलते. दोन असली तर चिंताच नको. मात्र पिंपास झाकण असावे, नाहीतर डासांची उत्पत्ती होईल. आणि पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी वाहू द्यावे.

कोणी म्हणेल, पाण्याची एवढी यातायात कशास? जमिनीसच गंधक घालून आम्ल करून घ्यावी. हाही हिशेब पाहू. गंधक जमिनीत घातले म्हणजे सूक्ष्म जंतू त्याचे हळूहळू गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल आधी मुक्त चुन्याशी लढते. शंभर भाग चुना संपविण्यास बत्तीस भाग गंधक लागते. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थराचे वजन सुमारे ८०० टन असते. तीत चुना शेकडा पाच असेल, तर तो ४० टन झाला. आणि तेवढा संपविण्यास सुमारे १३ टन गंधक हवे. एवढा खर्च कोणता शहाणा मनुष्य करील? नुसत्या तीन फुटी खड्ड्यातील मातीचा विचार केला, तरी पन्नास किलो चुना व सोळा किलो गंधक, असा जमाखर्च निघतो. आणि भोवतालच्या जमिनीतील चुना पाण्याबरोबर पुन्हा आत येतच राहतो. जेथे मुक्त चुना नाही व सामू थोडाच अधिक आहे, तेथे गंधकाचा उपाय चालतो. जेथे चुना भरपूर आहे, तेथे जमिनीशी भांडू नये. कुंडीचा आश्रय करावा.

ह्या विचारानंतर आम्ही तिसरे रोप आणले. ते पावसाच्या पाण्यावर ठेवून आज पाच वर्षे झाली. गेल्या माघात त्यावर सोळा कळ्या होत्या. अकरा गळल्या आणि पाच उमलल्या. हे यश फार मोठे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाने हिरवीगार आहेत आणि झाड घरच्यासारखे झाले आहे. ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांच्यासाठी आमची रीत थोडक्यात देतो.

कुंडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी, बारा इंची, तळास चांगली भोके असलेली. सिमेंटची नवी कुंडी घेऊ नये. तीतून चुना झिरपतो. कुंडीस बाहेरून चुना फासण्याची चाल आहे, तीही येथे सोडावी. रंगच हवा असल्यास गेरू लावावा. भरण्यासाठी दोन भाग जांभी अथवा चुना नसलेली तांबडी माती, दोन भाग चांगला कुजलेला पालापाचोळा, एक भाग धुतलेला नारळाचा भुसा व एक भाग जाड वाळू घ्यावी. माती व वाळू यांवर आधी थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसून बुडबुडे आले, तर त्यात चुना आहे असे समजून ती टाकून द्यावी. ही परीक्षा कोणासही फुकटात करता येते.

रोप लावताना बुंध्याचा माथा मातीच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहील असे लावावे. कॅमेलियाची मुळे उथळ असतात. बुंधा पुरला गेल्यास झाड हळूहळू खचते. त्याच कारणास्तव कुंडीत खुरपे चालवू नये. वर दोन बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. त्याने ओल टिकते व तण दबते. चहाचा चोथा घालावयाचा असेल, तर दूध-साखर निघून जाईपर्यंत तो धुवावा, नाहीतर मुंग्या येतात. आणि त्यायोगे माती आम्ल होईल अशी मोठी आशा धरू नये, कारण त्यात आम्लता फारशी उरलेली नसते.

जागा अशी असावी की, सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल. आंब्याच्या किंवा फणसाच्या छायेतील पूर्वेकडील बाजू उत्तम. फाल्गुन ते ज्येष्ठ ह्या काळात उष्ण वाऱ्यापासून आडोसा करावा व आजूबाजूची जमीन शिंपून हवा गार ठेवावी. पाणी रोज घालण्याचा नेम करू नये. मातीत बोट खुपसून पाहावे. वरचा इंचभर थर सुकला की भरपूर पाणी घालावे, आणि तळातून निघालेले पाणी ताटलीत साचू देऊ नये. कळ्या फुगत असता मुळे एकदा जरी कोरडी पडली, तरी कळ्या गळतात. पाणी फार झाले तरीही गळतात. कळी धरल्यावर कुंडीची जागा वारंवार बदलू नये. फांदीच्या टोकाशी कळ्यांचा झुबका आला, तर एक ठेवून बाकीच्या खुडाव्या. राहिलेली चांगली पोसते.

खताच्या बाबतीत आमच्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांस एक आनंदाची गोष्ट सांगावयाची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या प्रदेशात कॅमेलियाची हौस मोठी. अलाबामा संस्थानाने तर इ. स. १९५९ मध्ये हेच आपले राज्यपुष्प ठरविले. तेथील बागवान ह्या झाडास जे खत आवडीने घालीत आले, ते म्हणजे सरकीच्या पेंडीचा भुगा. ती सावकाश लागू पडते आणि मातीची आम्लता राखण्यास मदत करते. आपल्या गोठ्यात हे खत आधीच आहे. फुले संपल्यावर एक लहान मूठ पेंड कुटून आच्छादनाखाली पसरावी, व पुढे दीड-दीड महिन्याने आणखी दोनदा द्यावी. श्रावणानंतर खत बंद करावे. ताजे शेण, राख, हाडांचा चुरा व चुना ह्या चार वस्तू ह्या कुंडीच्या जवळ आणू नयेत. राख हे आपल्याकडील सर्वांचे आवडते खत; पण ती विम्ल असल्याने येथे विषाचे काम करते, याचा अनुभव आम्ही वर दिलाच आहे.

छाटणी करावयाची ती फुले संपताच, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. नंतर केल्यास पुढील वर्षाच्या कळ्याच कापल्या जातात. पानांच्या मागील बाजूस खवले कीड बसते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी व निंबोळी तेलाचा फवारा द्यावा. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी पडतो. त्यास पानांवर, खालच्या बाजूनेही, स्वच्छ पाण्याचे तुषार मारणे हा साधा उपाय आहे. नवी रोपे पावसाळ्यात अर्धवट पक्व फांदीच्या छाटकलमाने किंवा गुटी बांधून होतात. बियांपासूनही होतात, पण फुलास पुष्कळ वर्षे थांबावे लागते, आणि फूल आईसारखे येईलच असा भरवसा नसतो.

हे सर्व वाचून एखादा व्यवहारी वाचक विचारील की, पाच फुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? मोगरा आणि जाई विनाखटपट ओंजळभर फुले देत असता ह्या मानभावी पाहुण्याचे लाड कोणी पुरवावे? प्रश्न रास्त आहे. ज्यास केवळ फुले हवीत, त्याने मोगराच लावावा. कॅमेलियाची फुलशेती करून पैसा मिळविण्याच्या भरीस तर देशावरील कोणी मुळीच पडू नये. परंतु आम्हांस ह्या एका कुंडीपासून जो लाभ झाला, तो फुलांहून वेगळा होता, आणि त्यासाठीच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो.

आमच्या कागदी लिंबाच्या बागेत पाटाच्या तोंडाशी असलेली वीसेक झाडे काही वर्षे पिवळी पडत होती. आम्ही त्यास नत्राची भूक समजलो आणि दोन वर्षे युरियाची मात्रा वाढविली. पैसा गेला, पालवी आली, पण तीही पिवळीच आली. ज्या दिवशी कुंडीतील कॅमेलियाचे पिवळे पान आम्ही लिंबाच्या पानाशेजारी धरून पाहिले, त्या दिवशी डोळे उघडले. दोन्हींच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. दोन्हीकडे रोग शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी आणि सरसकट पिवळी होतात; लोह कमी पडले तर वरची कोवळी पाने आधी आणि शिरा सोडून पिवळी होतात. हा भेद ओळखता आला असता, तर दोन वर्षांचा युरिया वाचला असता.

मग आम्ही कपाटातील मृद आरोग्य पत्रिका काढली. इ. स. २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून ती आमच्या घरी आली होती आणि घडी न मोडता तशीच पडून होती. तीत सामू ८.४ असा स्वच्छ लिहिलेला होता. पत्रिकेत बारा घटकांचे आकडे असतात. पण जमिनीतील मुक्त चुना व विहिरीचे पाणी यांची तपासणी तीत येत नाही. ती वेगळी मागून घ्यावी लागते. आम्ही ती करवून घेतली, तेव्हा चुना शेकडा बारा निघाला. गंधकाचा नाद तेथेच सोडला. आळ्यांत कुजलेले शेणखत भरपूर घातले, पालवीच्या वेळी हिराकसाचे सौम्य, शेकडा अर्धा या प्रमाणातील फवारे दिले, पाटाच्या तोंडाशी विनाकारण मुरणारे पाणी कमी केले आणि युरिया पूर्वीच्या मानावर आणला. झाडे एकदम पालटली असे नाही. पण नवी पालवी आता हिरवी येऊ लागली आहे. नुसता हिराकस चुनखडीच्या जमिनीत टाकून उपयोग नाही, कारण तो लवकरच बद्ध होतो, हेही येथे सांगून ठेवतो. ज्यांस संत्र्याची नवी बाग अशा जमिनीत करावयाची आहे, त्यांनी खुंटाची निवड आधी करावी. रंगपूर लिंबाचा खुंट चुनखडी बराच सोसतो.

आमची तक्रार स्वतःविषयी आहे, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांस लागू पडेल. शेतात आपण जमीन पाहून पीक ठरवितो. खडकाळ माळावर कोणी भात लावीत नाही, पाणथळात कोणी हरभरा पेरीत नाही. परंतु घराचा उंबरठा लागला की हे शहाणपण आपण बाहेरच ठेवतो; फूल पाहतो आणि रोप आणतो. आणि खोल गेले असता असे दिसते की, शेतातही आपण जमिनीचा रंग व पोत पाहतो, पण जे डोळ्यांस दिसत नाही ते विचारीत नाही. लिंबू, संत्रे, भुईमूग, ऊस ही सोशिक पिके आहेत. ती वर्षानुवर्षे कमी देत राहतात, आणि आपण त्यास दैव म्हणतो. कॅमेलिया सोसत नाही. तो दोन वर्षांत सांगून मोकळा होतो. असा स्पष्टवक्ता पाहुणा घरात एक असावा.

यास्तव आमच्या वाचकांस आमच्या सूचना अशा आहेत. घाटमाथ्यावरील मंडळींनी हे झाड जमिनीत लावावे. कोकणातील मंडळींनी लावावयाचेच असल्यास थंड कोपरा पाहून सासांक्वा जातीचा प्रयत्न करावा, पण फुलांची आशा बेताची ठेवावी. देशावरील व विदर्भातील मंडळींनी एकच कुंडी करावी, आणि ती पागोळ्यांच्या पाण्यावर करावी. रोप घेण्यापूर्वी विकणाऱ्यास त्याचा सामू विचारावा. जो सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नये. रोपवाटिकावाल्यांनीही प्रत्येक परक्या रोपाबरोबर त्यास लागणारी माती व पाणी यांची चिठ्ठी द्यावी. गिऱ्हाइकाचे रोप जगण्यात त्यांचेही हित आहे. आणि रोप घेणार असा वा न घेणार असा, कपाटातील मृद आरोग्य पत्रिका आजच काढून सामूचा आकडा वाचावा, व येत्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी गावोगाव हे आकडे एकत्र जमविले, तर कोणत्या शिवारात कोणता खुंट व कोणते पीक लावावे, याची चर्चा तर्कावर न होता आधारावर होईल.

तोवर येत्या मृगात एक रिकामे पिंप पागोळीखाली ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. त्या पाण्यावर कॅमेलिया फुलला तर उत्तम. न फुलला, तरी घरची डाळ चांगली शिजेल.